मागच्या बॅटरीचा दिवा

"हळू ओढ," गाडीखालून उस्ताद म्हणाले. "वायर आहे ती, विहिरीचा दोर नाही."

मागच्या बंपरपाशी उकिडवा बसलेल्या त्यांच्या मुलाने लाल वायर वीतभर ओढली आणि तो थांबला. गाडीच्या पोटाखाली उताणे पडलेले उस्ताद एका हाताने वायर नळीत सरकवत होते आणि दुसऱ्या हाताने डोळ्यांवर पडणाऱ्या वाळक्या चिखलाच्या खपल्या झटकत होते. वायर अडली की ते तिला समजावत, सुटली की गप्प होत. सकाळपासून ते मुलाशी जेवढं बोलले नव्हते तेवढं वायरीशी बोलले होते.

काम तसं साधं होतं. मुलाने एका सहकाऱ्याकडून चाकांवरची एक खोली विकत घेतली होती, गाडीमागे जोडून ओढायची. आत झोपायला फळी, एक पंखा, एक दिवा, पाण्याची टाकी आणि गुडघ्याएवढा फ्रिज. या सगळ्यांना पोसायला फळीखाली एक बॅटरी. गाडी रस्त्यावर धावत असताना तिच्या इंजिनाने पुढच्या बॅटरीबरोबर ही मागचीही भरत राहायची, म्हणजे मुक्कामाला फ्रिज रात्रभर चालेल. उस्तादांनी असली कामं पुष्कळ केली होती. रुग्णवाहिका, फिरते दवाखाने, एकदा तर नाटकवाल्यांचा अख्खा ट्रक. गॅरेजांच्या त्या गल्लीत त्यांना सगळे उस्ताद म्हणत. शेजारच्या टायरवाल्याने ते नाव कधीतरी थट्टेत ठेवलं होतं. थट्टा विरून गेली, नाव राहिलं, आणि उस्ताद हळूहळू त्या नावासारखे वागू लागले.

फ्रिज या वेळी चैनीचा नव्हता. उस्तादांच्या बायकोची थोरली बहीण दूरच्या शहरात अंथरुणाला खिळली होती. फोनवर तिचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता, आणि अलीकडे ती सारखी म्हणत होती, एकदा येऊन जा, समोर बसून काही सांगायचंय, फोनवर सांगण्यासारखं नाही. बायकोची कंबर अशी की तासाभरापलीकडे तिला बसवत नसे. त्यात साखरेची इंजेक्शनं, तीही गारच ठेवायला हवीत. मुलाने या दोन्हींवर मिळून ही तोड काढली होती. मधून मधून थांबायचं, आईने मागच्या खोलीत पाठ टेकायची, औषध फ्रिजमध्ये राहील. रस्ता दोन दिवसांचा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बहिणीच्या उशाशी.

वायरीचं टोक बाहेर आलं तेव्हा मुलगा म्हणाला, "बाबा, एक सांगू?"

"सांग."

"या गाडीचा अल्टरनेटर तुमच्या ट्रकांसारखा नाही. पुढची बॅटरी भरली की तो हात आखडता घेतो. मागे पोचण्याएवढं काही उरतच नाही. मध्ये चार्जरची डबी लावतात, ती जे येईल ते वाढवून मागे देते. मी आणलीय डबी. वायर जरा जाड लागेल तिला, ती घेऊन येतो."

उस्ताद घसरत बाहेर आले, उठून बसले आणि त्यांनी पाठीवरची धूळ झटकायला सुरुवात केली. हे त्यांचं नेहमीचं होतं. पटलं नाही की आधी धूळ झटकायची.

"तुझ्या कंपनीत डब्या विकायच्या असतात, म्हणून डब्या लागतात," ते म्हणाले. "वायर चांगली, जोड घट्ट, मध्ये एक रिले, इंजिन लागलं की जोडणारा खटका. करंट आपोआप जातो. त्याला काय वाट दाखवायला माणूस लागतो?"

मुलाने वायरीचं टोक खाली ठेवलं. मोठ्या गाड्यांच्या कंपनीत तो हेच काम करत होता आणि तिथे त्याचा शब्द चालत होता. पण इथे, घराला लागून असलेल्या या दुकानात, तो अजून चिमटा आणून देणाराच होता. चिमटा आणायला तो आत गेला आणि नेहमीसारखी त्याची नजर टेबलामागच्या खिळ्याकडे गेली.

त्या खिळ्यावर उस्ताद चुका टांगत. नीट न दाबलेला जोड, जळलेलं टोक, उलटा बसवलेला फ्यूज. काम शिकायला येणाऱ्याला पहिल्या दिवशी हा खिळा दाखवला जाई. त्यातल्या बहुतेक चुका मुलाच्या होत्या, दुकानात होता तेव्हाच्या. शेवटची होती एक काळी वायर. कुठल्याशा गाडीत नवी वायर घातल्यावर त्याने जुनी आतच राहू दिली होती. मेलेली वायर गाडीत ठेवायची नाही, हा उस्तादांचा कडक नियम होता. ती पुढच्या माणसाला खोटं सांगते, असं ते म्हणत. नियम खरा होता, पण त्यांनी गिऱ्हाइकासमोर मुलाला अख्खी गाडी पुन्हा उघडायला लावली होती, आणि टायरवाल्यापासून चहाच्या पोऱ्यापर्यंत सगळी गल्ली तमाशा बघायला जमली होती. पुढच्या महिन्यात मुलगा कंपनीत लागला. त्यानंतर त्याचं वागणं असं झालं की बोट ठेवायला जागा नाही, आणि उस्तादांना तेच खुपायचं.

दुपारी सगळे जोड झाले. प्रत्येक वायरीला उस्तादांनी आपल्या पद्धतीने मेणाच्या दोऱ्याचे वेढे दिले, चार चार बोटांवर एक गाठ. प्लॅस्टिकच्या पट्ट्या त्यांना चालत नसत. शेवटी त्यांनी स्टिअरिंगशेजारी एक हिरवा दिवा बसवला, हरभऱ्याएवढा.

"हा लागला की समजायचं, मागे पोचतंय," ते बायकोला बोलावून म्हणाले. "एवढं बघत जा. बाकी काही कळायची गरज नाही."

इंजिन सुरू झालं. दिवा लागला. उस्तादांनी मागच्या बॅटरीला मीटर लावून मुलासमोर धरलं. आकडा चांगला होता.

"आत्ता पुढची बॅटरी जरा उतरलेली आहे," मुलगा म्हणाला. "म्हणून येतंय. दोन तास चालवून मग बघू या का?"

"मीटर खोटं बोलतं?"

मुलाने मीटरकडे पाहिलं, मग वडिलांकडे. डबी त्याने खोक्यात घालून मागच्या सीटखाली ठेवून दिली.

निघायच्या सकाळी बायकोने इंजेक्शनांची खोकी मोजून फ्रिजमध्ये ठेवली. मुलगा दोर आवळत होता. आवळता आवळता तो म्हणाला, "तुम्हीपण चला ना बाबा."

"दुकान कोण बघणार?" उस्ताद म्हणाले.

दुकानात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. नव्या गाड्या कंपनीत जात, जुन्या भंगारात. खरं सांगायचं तर उस्तादांनी आदल्याच्या आदल्या दिवशी दोन शर्ट इस्त्रीला दिले होते, आणि आणून पलंगाच्या कडेवर ठेवले होते, उगीचच. कुणी दुसऱ्यांदा विचारलं असतं तर ते कुरकुरत का होईना, गाडीत बसले असते. पण उस्तादांना दुसऱ्यांदा विचारलं की ते भडकतात, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. बायकोने एकदा त्यांच्याकडे बघितलं. मग पदर खोचून ती पुढच्या सीटवर चढून बसली. गाडी गल्लीच्या वळणावर गेली, तिच्यामागे डुलत डुलत ती खोली गेली, आणि उस्ताद बराच वेळ दारात उभे राहिले. शर्ट त्यांनी परत कपाटात ठेवले.

पहिल्या संध्याकाळी फोन आला, सगळं ठीक आहे. दिवा लागतोय का, हे उस्तादांनी आधी विचारलं. लागतोय, बायको म्हणाली, वाटेभर लागतोय. उस्तादांचा जीव भांड्यात पडला. टायरवाल्याला बोलावून त्यांनी डबीचा किस्सा रंगवून सांगितला, पोराच्या आवाजाची नक्कल करून.

दुसऱ्या दिवशी दुपार उलटून गेली तरी फोन नाही, म्हणून त्यांनीच केला. बायको म्हणाली, आम्ही आज इथेच थांबलोय, वाटेतल्या एका गावात. उद्या सकाळी पोचू.

"का?"

"छान आहे गाव," ती म्हणाली. तिचा आवाज झोपेतून उठल्यासारखा होता. "मोठं तळं आहे."

उस्तादांचं डोकं सणकलं. तिकडे बहीण वाट बघत पडलीय, आणि ही माणसं तळी बघत बसलीत. सहलीला निघालाय का, असं त्यांनी विचारलं. पोराला तरी काही पोच असावी, असं म्हणाले. कंबरदुखीचं सोंग होतं की काय, इथपर्यंत त्यांची गाडी गेली. पलीकडे गाडीचा दरवाजा लागल्याचा आवाज आला आणि कुणीतरी जवळच उभं असल्यासारखं वाटलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरं. ठेवू?"

ते दोघं तिसऱ्या दिवशी सकाळी पोचले. बहीण आदल्या संध्याकाळपर्यंत बोलत होती. आली का, आली का, असं दाराकडे बघून विचारत होती. रात्रीत तिची वाचा गेली. बायकोने हात हातात घेतला तेव्हा तिने डोळे उघडले, ओठ हलवले, पण शब्द फुटला नाही. पुढे चार दिवस ती तशीच होती आणि पाचव्या दिवशी गेली. हे सगळं बायकोने फोनवर चार वाक्यांत सांगितलं. एरवी भाजीवाल्याशी झालेलं बोलणंही ती पाऊण तास सांगायची.

परत आले तेव्हा उस्ताद दारातच होते. इंजिन सुरूच होतं. त्यांची नजर आधी खिडकीतून दिव्याकडे गेली. हिरवा, ठसठशीत. मग त्यांनी बायकोकडे बघितलं. ती उतरताना त्यांचा हात धरून उतरली आणि थोडा वेळ धरूनच राहिली. त्या वेळी गप्प बसता आलं असतं. पण जीभ एकदा सवयीला पडली की मालकाची वाट बघत नाही.

"एक दिवस आधी पोचला असतात तर," उस्ताद म्हणाले, "बोलली तरी असती."

मुलगा मागच्या खोलीतून बॅग काढत होता. तो थांबला आणि त्याने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली, जेमतेम दिसेल इतकीच.

"हो," ती म्हणाली. "चुकलंच आमचं."

मुलाने बॅग उचलून आत नेली. रविवारी गाडी घेऊन जातो म्हणाला, आणि इथे ठेवलेल्या मोटरसायकलवर बसून निघून गेला.

गाडी आणि खोली दोन्ही अंगणात उभ्या राहिल्या. शनिवारी सकाळी उस्ताद पाना घेऊन बाहेर आले. लांबचा प्रवास झाला की नट ढिले पडतात. गाडी कुणाचीही असो, परत आली की एकेक जोड हाताने तपासायचा, ही त्यांची जुनी रीत होती. त्यांनी बॉनेट उघडलं, पुढच्या बॅटरीवर वाकले आणि आपल्या लाल वायरीच्या टोकाला हात घातला.

टोक बॅटरीवर नव्हतं. त्याच्यावर रबराची टोपी चढवलेली होती आणि ते बाजूला नीट वळवून बांधलेलं होतं. त्याच्या जागी दुसरी वायर होती, करंगळीएवढी जाड, काळी, नवी.

उस्तादांच्या मनात पहिलं आलं ते हे की वाटेतल्या कुण्या अडाण्याने हात घातला. असल्या लोकांसाठी त्यांच्याकडे खास शब्द होते, आणि ते ओठांवर येतच होते, तेवढ्यात त्यांना दोरा दिसला. जाड वायरीवर मेणाच्या दोऱ्याचे वेढे होते, चार चार बोटांवर एक गाठ. गाठीचं टोक आत दडवलेलं. ही गाठ त्यांना त्यांच्या उस्तादाने शिकवली होती आणि त्यांनी आजवर एकालाच शिकवली होती, तीही टपल्या मारून.

ते जाड वायरीच्या मागे मागे गेले. या वयात गाडीखाली झोपायला त्यांना दोन हात टेकावे लागले. नळीत दोन वायरी शेजारी शेजारी होत्या, त्यांची लाल आणि ही काळी. काळी जात होती ती मागच्या खोलीत, फळीखाली, आणि तिथे ती डबी बसवलेली होती. उस्तादांनी फळी उचलून तिच्याकडे बघितलं. डबीतून एक बारीक वायर परत पुढे निघाली होती. तिचा माग काढायला त्यांना वेळ लागला, कारण ती फार नीट नेलेली होती. ती स्टिअरिंगशेजारच्या हिरव्या दिव्याला जाऊन मिळत होती.

मग ते खोलीच्या पायरीवर बसले. आपला दिवा कुठून जोडला होता, ते त्यांना आठवलं. रिलेवरून, अगदी पुढून. पुढून निघालं की तो लागायचा. मागे पोचलं की नाही, हे त्या दिव्याला कळायची काही सोयच नव्हती. मागची बॅटरी उपाशी मरत असतानाही तो वाटेभर लागला असणार, आणि बायकोने त्याच्याकडे बघत निर्धास्त प्रवास केला असणार, कारण बाकी काही कळायची गरज नाही असं तिला सांगितलं होतं.

घरातल्या फ्रिजमध्ये इंजेक्शनांची खोकी होती. परत आल्यापासून ती वेगळ्या रंगाची होती. उस्ताद रोज पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडत होते आणि रोज ती त्यांना दिसत होती. आत्ता पायरीवर बसल्या बसल्या त्यांना तो रंग पहिल्यांदा दिसला. तळं दिसलं. फोनमधला तो झोपेतून उठल्यासारखा आवाज ऐकू आला, आणि त्यावर आपण काय काय बोललो ते शब्दन् शब्द आठवलं.  अंगणात कुणी नव्हतं, तरी त्यांनी मान खाली घातली.

पलीकडून टायरवाल्याने विचारलं, उस्ताद, काय बिघडलं? काही नाही, ते म्हणाले. त्याने आणखी काहीतरी थट्टा केली, पोराची डबी शेवटी सीटखालीच राहिली का म्हणून. उस्ताद हसले नाहीत. उठून त्यांनी चिमटा आणला.

लाल वायर काढायला दुपार झाली. त्यांनी ती तोडली नाही. एकेक वेढा सोडवला, एकेक गाठ नखाने उकलली आणि वायर नळीतून उलटी ओढून काढली, हळू. मग ती हातावर गुंडाळली, दुकानात गेले आणि खिळ्यासमोर उभे राहिले. खिळा भरलेला होता. त्यांनी आधीच्या सगळ्या चुका उतरवल्या. जळकी टोकं, फ्यूज, ती जुनी काळी वायर. प्रत्येकीवरची धूळ बोटाने पुसून त्यांनी त्या टेबलावर मांडल्या. पोराने ती काळी वायर आत का ठेवली होती, हे त्या दिवशी आपण विचारलंच नव्हतं, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग त्यांनी रिकाम्या खिळ्यावर लाल भेंडोळं अडकवलं.

बायको चहा घेऊन आली ती दारातच थबकली. तिने खिळ्याकडे बघितलं, मग टेबलावरच्या पसाऱ्याकडे. कप टेबलावर ठेवून ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. कंबरेला त्रास होतो म्हणून एरवी ती त्यावर बसत नसे.

"त्या गावात तळं होतं का गं?" उस्तादांनी विचारलं.

"असेल. मी बघितलं नाही."

मग तिने सांगितलं. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्रिज बंद दिसला. कधी बंद पडला कोण जाणे, खोली रात्रभर तापलेली होती. दिवा तर वाटेभर लागत होता, म्हणून तिला वाटलं औषध बरं असेल, आणि तिने तेच टोचून घेतलं. ते उतरलेलं होतं. दोन तासांत डोळ्यांपुढे अंधारी आली. मुलाने गाडी पहिल्या गावात वळवली. दवाखान्यात तिला सलाईन लावून संध्याकाळपर्यंत झोपवून ठेवलं. औषध मिळालं, पण जाड वायर मिळेना. अर्धं गाव फिरून त्याने ती आणली आणि दवाखान्याच्या अंगणात गाडीखाली झोपून डबी बसवली. उस्तादांचा फोन आला तेव्हा सलाईनची सुई तिच्या हातात होती आणि मुलगा शेजारी फोन धरून उभा होता.

"तेव्हाच सांगायचं होतंस," उस्ताद म्हणाले. "मी एवढं बोलत होतो."

"तुम्ही बोलत होतात," बायको म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. जसं झालं तसं सांगितलं.

उस्तादांनी टेबलावरचा एक जुना फ्यूज उचलला आणि परत ठेवला.

"ही मेलेली लाल वायर त्याने आत ठेवली," ते म्हणाले. "त्याला नियम माहीत आहे."

"मी म्हटलं त्याला, काढून टाक, बाबांना दिसेल. तो म्हणाला, दिसू दे. बाबांची आहे, तेच काढतील. आपण कोण हात लावणार."

बाहेर टायरवाल्याने कुठलंसं चाक आपटलं. उस्तादांनी तिकडे पाहिलं आणि तिकडेच बघत राहिले, कारण बायकोकडे बघणं त्यांना जमत नव्हतं.

"काय सांगायचं होतं गं तिला?"

"आता कुणाला विचारू?" ती म्हणाली. पदराने तिने कपाची खालची कड पुसली, ती आधीच कोरडी होती. "लहानपणचं काही असेल. आईचं असेल. मी वाटेत सारखी तोच विचार करत होते, काय असेल, काय असेल." मग तिने कप त्यांच्याकडे सरकवला. "पण आधी तिने तुमचं विचारलं असतं. फोनवरही पहिलं तेच असायचं. ते येताहेत ना, म्हणायची. माझ्यावर रुसलेत का."

"तू काय सांगायचीस?"

"उगीच काहीतरी सांगायची. दुकान आहे, काम आहे." बायको गुडघ्यावर हात ठेवून हळूच उठली. "शेवटच्या फोनवर मात्र म्हटलं, या वेळी नक्की येताहेत. शर्टसुद्धा इस्त्री करून ठेवलेत."